फुप्फुसातल्या गाठी, हिरवे औषध आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, वजन १४ किलो. त्याला हिपॅटोब्लास्टोमा, म्हणजे यकृताचा कर्करोग, असल्याचे कळले तेव्हाच दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी होत्या. केमोथेरपीने बहुतेक गाठी गेल्या. ताज्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात तीन उरल्या आहेत, त्यांतली सर्वांत मोठी सहा मिलिमीटरची आहे. यकृताच्या शस्त्रक्रियेआधी त्या काढायच्या आहेत. सर्जन म्हणतात की दुर्बिणीतून काढू आणि आदल्या दिवशी शिरेतून एक हिरवे औषध देऊ, म्हणजे गाठी चमकतील. माझ्या सासऱ्यांचे म्हणणे आहे की छाती उघडून, हाताने चाचपूनच काढाव्यात. लहान छेदांच्या मोहात काही आत राहून गेले तर काय करायचे? वॉर्डमधल्या एका मुलीच्या वडिलांनी आणखी गोंधळात टाकले. तिच्या मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेत म्हणे गाठ काळी दिसणार आणि निरोगी भाग चमकणार. मग नेमके चमकते काय? हे औषध किरणोत्सर्गी आहे का? आधीच आजारी असलेल्या यकृतावर त्याचा भार पडेल का? संमतिपत्रावर सही करण्याआधी तुमचे मत हवे आहे. – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत मिसळले आहेत आणि ते आधी सोडवून घेतले पाहिजेत. गाठी दुर्बिणीतून काढायच्या की छाती उघडून, हा एक निर्णय. शस्त्रक्रियेत चमकणारे औषध वापरायचे की नाही, हा दुसरा. पहिला निर्णय गाठी किती आहेत, कुठे आहेत आणि किती खोल आहेत यावरून व्हायला हवा. औषध त्यानंतर मदतीला येते, आणि ते छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही वापरता येते. ‘औषध आहे म्हणून दुर्बिणीतून जमेल’ असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर तो क्रम उलटा आहे. ‘गाठी पृष्ठभागाजवळ आहेत, म्हणून दुर्बिणीतून जमेल, आणि औषधामुळे त्या सापडणे सोपे जाईल’ असे सांगितले असेल, तर सर्जनचा विचार योग्य दिशेने चालला आहे असे मी म्हणेन.

या औषधाचे नाव इंडोसायनिन ग्रीन. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्याला आयसीजी म्हणतात. ते किरणोत्सर्गी नाही. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत छायाचित्रणाच्या कामासाठी ते तयार झाले आणि १९५०च्या दशकातच माणसांच्या तपासण्यांत आले. हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे मोजण्यासाठी, यकृताची कार्यक्षमता जोखण्यासाठी आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यातील रक्तवाहिन्या पाहण्यासाठी डॉक्टर ते कित्येक दशके वापरत आले आहेत. सिरिंजमध्ये ते गडद हिरवे दिसते, पण सर्जनला उपयोगी पडतो तो त्याचा हा हिरवा रंग नव्हे. सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यावर टाकला की ते थोड्या अधिक लांबीचा, साधारण ८३० नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर टाकते. हा प्रकाश अवरक्त पट्ट्यातला असल्याने उघड्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीला जोडलेला खास कॅमेरा तो टिपतो आणि संगणक पडद्यावर त्या जागी हिरवा रंग भरतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या छातीत काहीही हिरवे होणार नाही. हिरवे दिसेल ते पडद्यावर.

आता हिपॅटोब्लास्टोमाच्या गाठी का चमकतात ते पाहू, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आशा वाटते ती याच कारणामुळे. आयसीजी शिरेतून दिले की ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि यकृताच्या पेशी ते उचलून घेतात. निरोगी यकृत ते जसेच्या तसे पित्तात सोडते आणि पित्ताबरोबर ते आतड्यात जाते. रक्तातले त्याचे प्रमाण तीन-चार मिनिटांत निम्म्यावर येते. हिपॅटोब्लास्टोमाच्या पेशी मुळात यकृताच्याच कुळातल्या असतात. औषध उचलण्याची सवय त्यांच्यात टिकून असते, पण ते पित्तात सोडण्याची व्यवस्था बिघडलेली असते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी त्यांची अवस्था होते. त्यामुळे एक-दोन दिवसांनी निरोगी भागातून औषध निघून गेलेले असते आणि गाठीत मात्र ते साचून राहते. फुप्फुसात पोहोचलेल्या गाठी त्याच पेशींच्या बनलेल्या असतात, म्हणून त्याही चमकतात. आणि फुप्फुस स्वतः हे औषध धरून ठेवत नसल्याने काळ्या पार्श्वभूमीवर एखादा बारीक ठिपकाही उठून दिसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना औषध न देता आदल्या दिवशी किंवा त्याहूनही आधी देतात, त्याचे कारण हेच.

हा उपयोग सुचला तो काहीसा योगायोगानेच. यकृताच्या शस्त्रक्रियेआधी त्याची ताकद तपासण्यासाठी प्रौढ रुग्णांना आयसीजी दिले जाई. पुढे काही दिवसांनी शस्त्रक्रियेत अवरक्त कॅमेरा लावला, तेव्हा कर्करोगाची गाठ चमकताना दिसली. जपानमधल्या सर्जननी २००९ मध्ये हे अनुभव प्रसिद्ध केले आणि काही वर्षांतच लहान मुलांच्या हिपॅटोब्लास्टोमासाठी, विशेषतः फुप्फुसातल्या गाठींसाठी, ही पद्धत वापरली जाऊ लागली. सीटी स्कॅनवर न दिसलेल्या गाठीही तिच्या मदतीने सापडल्याचे नोंदवले गेले आहे. ही माहिती लहान लहान रुग्णगटांवरून आलेली आहे, हेही तुम्हाला माहीत असायला हवे. हा आजारच इतका विरळा आहे (दर दहा लाख मुलांमागे वर्षाला एक-दोन) की हजारो मुलांवरच्या चाचण्या येथे होऊच शकत नाहीत.

वॉर्डमधल्या त्या वडिलांनीही तुम्हाला खरेच सांगितले. त्यांच्या मुलीच्या मूत्रपिंडात बहुधा विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग, असावा. निरोगी मूत्रपिंडात रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने शिरेतून दिलेले आयसीजी तेथे पोहोचते आणि ते चमकते. गाठ मात्र तुलनेने काळी राहते. दोन्ही मूत्रपिंडांत गाठी असतील, तर निरोगी भाग जितका वाचवता येईल तितका वाचवावा लागतो, आणि अशा वेळी ही काळ्या-हिरव्याची सीमा सर्जनला छेद कुठे घ्यायचा ते ठरवायला मदत करते. (हेच औषध मूत्रपिंडाच्या भागात टोचून, तिथली लसीका (ऊतींमधला पाझर) ज्यांतून गाळली जाते त्या लसीका ग्रंथी शोधण्याचीही पद्धत आहे, विल्म्स ट्यूमरमध्ये त्या ग्रंथी पुरेशा संख्येने तपासणे फार महत्त्वाचे असते.) औषध एकच, पण कुठे, केव्हा आणि किती दिले यावर चित्राचा अर्थ बदलतो. म्हणून दुसऱ्या मुलाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आपल्या मुलाला लावू नका, आणि तुमच्या मुलाचे त्या मुलीला लागू पडेल असेही तिच्या आईवडिलांना सांगू नका.

आता सासऱ्यांच्या शंकेकडे वळतो. ती शंका जुन्या विचारांची म्हणून बाजूला सारण्यासारखी अजिबात नाही. छाती उघडली की सर्जन फुप्फुस बोटांत धरून चाचपतो आणि डोळ्यांना न दिसणारी कडक गाठ बोटांना लागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ही स्पर्शाची मदत जवळजवळ नाहीशी होते. हाडाच्या कर्करोगात, म्हणजे ऑस्टिओसार्कोमात, फुप्फुसातल्या गाठी चाचपूनच काढाव्यात असे मानणारे अनेक अनुभवी सर्जन आहेत, कारण स्कॅनवर दिसतात त्यापेक्षा जास्त गाठी हाताला लागल्याचा अनुभव त्यांना वारंवार आलेला आहे. छाती उघडणे बरे की दुर्बीण बरी, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने त्या आजारात चार किंवा त्याहून कमी गाठी असलेल्या रुग्णांची तुलनात्मक चाचणी हाती घेतली आहे. तज्ज्ञांमध्येच असा मतभेद असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना तोच प्रश्न पडला, तर त्यात वावगे काहीच नाही.

फरक आहे तो आजाराच्या प्रकाराचा. ऑस्टिओसार्कोमाच्या पेशी आयसीजी उचलून घेत नाहीत. तेथे औषध गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपून अडकते, त्यामुळे मात्रा जास्त द्यावी लागते आणि चमकण्याची खात्री कमी असते. हिपॅटोब्लास्टोमात चमक पेशीच्या स्वभावातूनच येते. म्हणून गमावलेल्या स्पर्शाची बरीचशी भरपाई या आजारात प्रकाश करू शकतो. बरीचशी म्हणतो आहे, पुरती नाही.

पुरती का नाही, तर पहिली मर्यादा खोलीची आहे. हा प्रकाश ऊतींमधून साधारण एक सेंटिमीटरपर्यंतच बाहेर येतो, आणि हवेने भरलेल्या फुप्फुसात तर त्याहूनही कमी. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ त्या बाजूचे फुप्फुस मिटवून ठेवतात, त्यामुळे आतल्या गाठी पृष्ठभागाच्या जवळ येतात. पण फुप्फुसाच्या मुळाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांलगत असलेली गाठ तरीही दिसणार नाही. एवढ्या लहान मुलात एकच फुप्फुस चालू ठेवणे हेही कौशल्याचे काम असते, कारण मोठ्यांसाठीची दुहेरी नळी त्याच्या श्वासनलिकेत मावत नाही आणि वेगळा उपाय योजावा लागतो. भूलतज्ज्ञांना लहान मुलांच्या छातीच्या शस्त्रक्रियांचा किती अनुभव आहे, हे विचारण्यास अजिबात संकोच करू नका. या एका प्रश्नाला मी औषधाविषयीच्या सगळ्या प्रश्नांइतकेच वजन देईन.

दुसरी मर्यादा चमकेच्या अर्थाची. चमकणारे सगळे कर्करोगच असते असे नाही. सुजेमुळे आलेला जाड भाग किंवा लसीका ग्रंथीही चमकू शकते. तसेच केमोने मेलेली गाठ चमकणार नाही, कारण मेलेली पेशी औषध उचलत नाही. पण सीटीवर दिसणारी एखादी गाठ काळी दिसली म्हणून ती मेलेली आहे असे शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरवता येत नाही. ती काढून पॅथॉलॉजिस्टकडेच पाठवावी लागते. त्यात तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. यकृतातली मूळ गाठ अजून जागेवर आहे आणि उजवे फुप्फुस नेमके यकृताच्या वर, पातळ पडद्यापलीकडे असते. मूळ गाठीची चमक खालून वर दिसू शकते. अनुभवी सर्जन कॅमेऱ्याचा कोन बदलून आणि फुप्फुसाचा तळ उचलून हे ओळखतात, तरीही खालच्या भागात एखादी गाठ असेल तर याविषयी आधीच बोलून घ्यावे.

म्हणून सही करण्याआधी सर्जनसमोर ताजा सीटी स्कॅन पडद्यावर लावून तिन्ही गाठी दाखवायला सांगा. कोणती कोणत्या खंडात आहे, पृष्ठभागापासून किती खोल आहे, हे तुमच्या वहीत लिहून घ्या. मग प्रत्येक गाठीबद्दल एकच प्रश्न विचारा : ही चमकली नाही तर तुम्ही काय कराल? ‘तरीही शोधून काढू, आणि दुर्बिणीतून सापडली नाही तर छाती उघडू’ हे उत्तर मिळाले पाहिजे. ‘चमकली नाही म्हणजे काही नसणार’ असे उत्तर मिळाले, तर सही करू नका आणि दुसऱ्या केंद्रातल्या तज्ज्ञांचे मत घ्या. छाती उघडण्याची संमती त्याच कागदावर आधीच घेतलेली असावी. अर्ध्या शस्त्रक्रियेतून कोणीतरी बाहेर येऊन तुम्हाला विचारावे, अशी वेळ येऊ नये. स्कॅन किती जुना आहे तेही पाहा. त्यानंतर केमोची आणखी फेरी झाली असेल, तर नवा स्कॅन करून घेणे योग्य, कारण नकाशा जुना असेल तर गाठींची मोजणीच चुकते.

गाठी पृष्ठभागाजवळ असतील आणि ही उत्तरे समाधानकारक असतील, तर माझे मत दुर्बिणीच्या बाजूने आहे. लहान मुलाच्या बरगड्यांमधून मोठा छेद घेतला, तर वेदना जास्त होतात, खोल श्वास घ्यायला मूल घाबरते, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकणे किंवा खांद्याचे हाड बाहेर येणे असे परिणाम राहू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यासमोर अजून यकृताची मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची केमोथेरपी आहे. फुप्फुसाच्या जखमेतून तो जितक्या लवकर सावरेल, तितके पुढचे उपचार वेळेवर होतील. दुर्बिणीतून काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून बाहेर काढतात, म्हणजे छेदाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी लागत नाहीत. तो तुकडा बाहेर आल्यावर त्याच कॅमेऱ्याखाली धरला की गाठ तुकड्याच्या मधोमध आहे की कापलेल्या कडेपर्यंत पोहोचली आहे, हेही लगेच दिसते. कडेला चमक दिसली तर आणखी एक पट्टी काढता येते. हा छोटासा टप्पा मला फार मोलाचा वाटतो, आणि तुमचे सर्जन तो करतात का, हे जरूर विचारा.

यकृतावरच्या भाराबद्दल तुम्ही विचारले आहे. मात्रा फार थोडी असते. या कामासाठी सामान्यतः दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम वापरतात. तुमच्या मुलाला त्या हिशेबाने ७ मिलिग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवली, तर त्यातले तीन मिलिलिटरहूनही कमी द्रावण लागेल. अंतिम मात्रा अर्थात तुमच्या डॉक्टरांचीच. यकृत ते मोडत नाही, केवळ पित्तात पोहोचवते. यकृत मंदावलेले असेल तर औषध जास्त वेळ राहते. त्याचा परिणाम मुख्यतः चित्र धूसर होण्यात होतो, म्हणून औषध किती तास आधी द्यायचे हे ठरवताना डॉक्टर यकृताच्या ताज्या तपासण्या पाहतात. मूत्रपिंडांमधून ते बाहेर पडत नाही, आणि सिस्प्लॅटिन, म्हणजे मूत्रपिंडांना त्रास देऊ शकणारे केमोचे औषध, घेतलेल्या मुलासाठी ही दिलासा देणारी बाब आहे.

धोका आहे तो ॲलर्जीचा. तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण येऊ शकते. औषधात थोडे आयोडाइड असते, म्हणून सीटी स्कॅनच्या वेळी दिलेल्या आयोडीनयुक्त औषधाने त्याला पूर्वी कधी पुरळ, उलटी किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, तर ते आठवून डॉक्टरांना सांगा आणि फाइलवर लिहायला लावा. इंजेक्शन आदल्या दिवशी वॉर्डमध्ये दिले जाणार असेल, तर त्या वेळी डॉक्टर जवळ असावेत आणि तातडीची औषधे हाताशी असावीत. ते दिल्यानंतर थोडा वेळ बोटाला लावलेले ऑक्सिजनचे यंत्र खोटा कमी आकडा दाखवू शकते. परिचारिकेला हे माहीत असते, तुम्हीही घाबरू नका.

अनेक देशांत या औषधाच्या मंजूर उपयोगांच्या यादीत मुलांच्या गाठी शोधणे हा उपयोग लिहिलेला नाही. डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर, उपलब्ध अनुभवाच्या आधारे वापरतात, आणि मुलांच्या औषधोपचारांत असे बऱ्याचदा होते. ते गैर नाही, पण पालकांना ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. सांगितले नसेल तर विचारा. सासऱ्यांनाही या भेटीला बरोबर न्या; त्यांचा प्रश्न त्यांनी स्वतः सर्जनला विचारला आणि उत्तर थेट ऐकले, तर घरातला ताण तुमच्या एकटीच्या खांद्यावर राहणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीच्या अहवालात प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र नोंद असायला हवी : गाठीत जिवंत कर्करोग होता की केमोने मेलेली होती, आणि कडा मोकळ्या आहेत की नाहीत. रक्तातल्या एएफपीचा (ही गाठ तयार करते त्या अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या प्रथिनाचा) आकडा मात्र या शस्त्रक्रियेनंतर लगेच सामान्य होईल अशी अपेक्षा धरू नका, कारण यकृतातली मूळ गाठ ते तयार करतच राहील. यकृताची गाठ निघाल्यानंतर तो आकडा साधारण पाच ते सात दिवसांत निम्मा, पुढच्या तितक्याच दिवसांत पुन्हा निम्मा, असा उतरत गेला पाहिजे. त्या काळातल्या रक्ततपासण्यांच्या तारखा घरी सोडतानाच लेखी मागून घ्या, आणि आकडा मध्येच थांबला किंवा चढला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.